विमानाचा तास आणि प्रवाशाचा दिवस : ठाणे, कल्याण-डोंबिवलीच्या हिशेबाने हवाई अंतराचा आढावा

दोन शहरांच्या विमानतळांमधील हवाई अंतर किती आणि तेथे पोहोचायला वेळ किती लागतो, हा प्रश्न वरवर अगदी सोपा दिसतो, कारण मुंबई ते दिल्ली सुमारे ११३८ किलोमीटर आणि सव्वादोन तास, असे त्याचे उत्तर दोन आकड्यांत देता येते. हे दोन्ही आकडे खरे आहेत. मात्र त्यांतील पहिला भूमितीचा आहे, दुसरा विमान कंपनीच्या वेळापत्रकाचा आहे, आणि प्रवाशाला जो आकडा हवा असतो, म्हणजे घराचा उंबरठा ओलांडल्यापासून मुक्कामी पोहोचेपर्यंतचा काळ, तो या दोहोंपैकी एकातही नसतो. ज्यांचे घर विमानतळापासून दहा मिनिटांवर आहे त्यांना ही तफावत फारशी जाणवणार नाही. परंतु २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे १८.४ लाख लोकसंख्येचे ठाणे आणि सुमारे १२.५ लाखांची कल्याण-डोंबिवली, अशा एकतीस लाखांच्या वस्तीला स्वतःचा विमानतळ नाही, आणि म्हणून या वस्तीच्या दृष्टीने हवाई प्रवासाचा हिशेब आकाशात कमी व जमिनीवर जास्त मांडावा लागतो.

प्रथम अंतराचा विचार करू. पृथ्वी गोल असल्यामुळे तिच्या पृष्ठभागावरील दोन ठिकाणांमधील सर्वांत जवळचा मार्ग सपाट नकाशावर आखलेल्या सरळ रेषेचा नसतो, तर बृहद्वृत्ताचा, म्हणजे पृथ्वीच्या मध्यातून जाणाऱ्या काल्पनिक प्रतलाने पृष्ठभागावर उमटणाऱ्या वर्तुळाचा, एक तुकडा असतो. विमानतळांमधील अंतर म्हणून जे सांगितले जाते ते हेच बृहद्वृत्तीय अंतर होय, आणि ते दोन्ही विमानतळांच्या संदर्भबिंदूंमध्ये मोजतात. हा बिंदू धावपट्ट्यांच्या मांडणीचा साधारण मध्य म्हणून ठरवून दिलेला असतो. पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी असल्यामुळे तिला पूर्ण गोल मानून केलेल्या गणितात फार तर अर्ध्या टक्क्याची चूक राहते, जी प्रवाशाच्या दृष्टीने नगण्य आहे. वैमानिक हे अंतर किलोमीटरमध्ये न मोजता सागरी मैलांत मोजतात. १८५२ मीटरचा हा मैल अक्षांशाच्या एका कलेएवढा, म्हणजे एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा असल्यामुळे नकाशावरून थेट मोजता येतो. या रीतीने मुंबईहून नागपूर सुमारे ६८० किलोमीटर, अहमदाबाद सुमारे ४४५, कोल्हापूर सुमारे ३१०, तर पुणे अवघे १२५ किलोमीटर भरते. मुंबई सेंट्रल ते नवी दिल्ली हा राजधानी एक्स्प्रेसचा लोहमार्ग १३८४ किलोमीटरचा आहे, म्हणजे हवाई अंतरापेक्षा तो सुमारे एकपंचमांशाने लांब आहे, आणि नागपूरच्या बाबतीत, कसारा घाट व भुसावळमार्गे ८३७ किलोमीटर धावणाऱ्या रेल्वेचे प्रमाणही जवळपास तसेच पडते.

प्रत्यक्ष उड्डाण मात्र या आदर्श रेषेवरून होत नाही. उडालेले विमान धावपट्टीच्या दिशेने निघून ठरवून दिलेल्या निर्गमनमार्गाने मुख्य हवाई मार्गाला मिळते, पुढे एका नामांकित बिंदूवरून दुसऱ्यावर असे जात राहते, आणि उतरताना पुन्हा आगमनमार्गाने रांगेत येते. वाटेत संरक्षण दलांसाठी राखून ठेवलेले आकाश टाळावे लागते, पावसाळ्यात उंच गडगडाटी ढगांना वळसा घालावा लागतो. देशांतर्गत उड्डाणात या सगळ्याने अंतर काही टक्क्यांनी वाढते. परदेशी उड्डाणात कधीकधी राजकारण भूगोलावर मात करते : फेब्रुवारी २०१९ मध्ये बालाकोटच्या हवाई हल्ल्यानंतर आणि पुन्हा एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानचे आकाश भारतीय विमानांना बंद झाले, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या उड्डाणांना दक्षिणेकडून मोठा वळसा पडला. मुंबईची पश्चिमेकडची वाट बरीचशी अरबी समुद्रावरून जात असल्याने तिला त्याची झळ तुलनेने कमी बसली.

वेळेचा आकडा अंतराच्या आकड्यापेक्षाही जास्त फसवा आहे. तिकिटावर छापलेला कालावधी हा विमान हवेत असल्याचा काळ नसून त्याला या व्यवसायात ब्लॉक टाइम म्हणतात. विमानाच्या चाकांना लावलेली अडसराची ठोकळी काढल्यापासून ती दुसऱ्या विमानतळावर पुन्हा लावेपर्यंतचा हा काळ असतो. एअरबस ए३२० जातीचे विमान ध्वनीच्या सुमारे ०.७८ पट वेगाने जाते, जो पस्तीस हजार फुटांवरच्या थंड हवेत ताशी सुमारे ८३० किलोमीटर होतो, आणि त्या वेगाने ११३८ किलोमीटरला एक तास बावीस मिनिटे पुरावीत. तिकीट सव्वादोन तास सांगते. मधली पन्नास-पंचावन्न मिनिटे धावपट्टीपर्यंत रांगत जाण्यात, चढताना व उतरताना कमी झालेल्या वेगात, वळणांत आणि उतरण्यासाठी नंबर लागण्याची वाट पाहण्यात खर्च होतात, शिवाय उशीर झाला तरी वेळापत्रक कोलमडू नये म्हणून कंपनीने त्यात थोडा वेळ आधीच धरून ठेवलेला असतो. विमान ठरलेल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांच्या आत आले की ते वेळेवर धरले जाते, आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालय वक्तशीरपणाचे जे मासिक आकडे प्रसिद्ध करते ते याच मोजपट्टीवरचे असतात. त्यामुळे वक्तशीरपणा सुधारल्याचा आकडा दिसला तरी प्रवास जलद झाला असे त्यातून सिद्ध होत नाही, कारण छापील वेळच सैल करून ठेवली तर उशीर कागदावरून नाहीसा होतो.

जाण्याचा आणि येण्याचा वेळ सारखा का नसतो, याचे उत्तर वाऱ्यात आहे. हिवाळ्यात उत्तर भारतावर दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोरदार हवेचा पट्टा, म्हणजे जेट स्ट्रीम, दक्षिणेकडे सरकलेला असतो, आणि तो पूर्वेकडे निघालेल्या विमानाला पाठीमागून रेटतो, तर परतणाऱ्याला समोरून अडवतो. मुंबई-कोलकाता हे अंतर सुमारे १६६० किलोमीटर आहे. ताशी शंभर किलोमीटरचा वारा पाठीशी असेल तर ते एक तास सत्तेचाळीस मिनिटांत कापता येईल, आणि तोच वारा समोरून आला तर दोन तास सोळा मिनिटे लागतील. म्हणजे विमान तेच, त्याचा हवेतील वेगही तोच, आणि तरीही फरक अर्ध्या तासाचा. लंडनला किंवा न्यूयॉर्कला जाताना लागणारा वेळ परतीपेक्षा बहुधा जास्त असतो तो याच कारणाने. त्यात छापील वेळा ज्या त्या शहराच्या घड्याळाप्रमाणे असतात, हे लक्षात न घेता वजाबाकी केल्यास लंडनच्या बाबतीत उत्तर साडेचार-साडेपाच तासांनी चुकते, आणि न्यूयॉर्कच्या बाबतीत त्याहून बरेच जास्त.

मुंबईपुरते बोलायचे तर वाऱ्यापेक्षा धावपट्टी अधिक वेळ खाते. छत्रपती शिवाजी महाराज विमानतळाला दोन धावपट्ट्या आहेत, एक पूर्व-पश्चिम आणि दुसरी आग्नेय-वायव्य, परंतु त्या एकमेकींना छेदत असल्यामुळे एका वेळी एकीचाच खऱ्या अर्थाने वापर होतो. तरीही डिसेंबर २०१८ मध्ये येथे एका दिवसात हजाराहून अधिक विमानांची ये-जा झाली, ही नियंत्रकांच्या कौशल्याला दाद द्यावी अशीच गोष्ट आहे. मात्र इतक्या घट्ट बांधलेल्या व्यवस्थेत एक विमान अडले की मागची रांग आकाशात थांबते. थांबणे म्हणजे येथे घिरट्या घालणे. एका नेमून दिलेल्या बिंदूभोवती लांबट वर्तुळात विमान फिरत राहते आणि एक फेरी साधारण चार मिनिटांची असते. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने मुंबईतील विमानांची संख्या गर्दीच्या वेळी तासाला ४६ वरून ४४ आणि इतर वेळी ४४ वरून ४२ वर आणण्यास सांगितले, तेव्हा दिलेले कारण फार बोलके होते : विमानांना शहरावर चाळीस ते साठ मिनिटे घिरट्या घालाव्या लागत होत्या, आणि चाळीस मिनिटांच्या घिरट्यांत सुमारे १.७ किलोलिटर इंधन, म्हणजे त्या वेळच्या दराने १.८ लाख रुपये, जळत होते. तासाला दोन विमाने कमी करून सर्वांचा वेळ वाचवण्याचा हा निर्णय योग्यच होता. गर्दीच्या मार्गावर एक गाडी वाढवली की सगळ्याच गाड्या रखडतात, हे मध्य रेल्वेच्या प्रवाशाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

ठाणे जिल्ह्याला वेग नवा नाही. बोरीबंदर ते ठाणे हे ३४ किलोमीटरचे अंतर १६ एप्रिल १८५३ रोजी पहिल्या प्रवासी रेल्वेने सुमारे ५७ मिनिटांत कापले आणि १ मे १८५४ रोजी ही लाईन कल्याणपर्यंत पोहोचली. विमानाचे युग मुंबईत आले ते १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, जेव्हा जे. आर. डी. टाटा टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. त्यांचे पुस मॉथ विमान ताशी जेमतेम १६० किलोमीटर जात असे, पण त्या काळच्या कोणत्याही गाडीपेक्षा ते इतके पुढे होते की दोन्ही टोकांना जमिनीवर गेलेला वेळ कोणी हिशेबात धरला नाही. एअर इंडियाचे मलबार प्रिन्सेस ८ जून १९४८ रोजी कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला निघाले आणि १० तारखेला पोहोचले, तेव्हाही विमानतळापर्यंतचा एखादा तास अशा प्रवासात गणतीत नव्हता. आज तेच अंतर नऊ-दहा तासांत न थांबता कापले जाते, आणि विमान जसजसे वेगवान झाले तसतसा जमिनीवरचा वेळ एकूण प्रवासाचा मोठा हिस्सा होत गेला. जेट विमानांचा वेग गेल्या साठ वर्षांत जवळजवळ वाढलेला नाही. उपनगरे मात्र या काळात खाडीपार आणि डोंगरापार पसरली.

जमिनीवरच्या वेळेच्या या वाढत्या हिश्श्याचा सर्वांत स्पष्ट पुरावा आकाशातच दिसतो. पश्चिमेकडून वारा असताना मुंबईला येणारी विमाने पूर्वेकडून, ठाणे खाडी ओलांडून २७ क्रमांकाच्या धावपट्टीवर उतरतात. हा क्रमांक म्हणजे २७० अंशांची, पश्चिमेची, दिशा. धावपट्टीपासून अठरा-वीस किलोमीटरवर ती सुमारे तीन हजार फूट उंचीवर, शीळफाटा-महापेच्या दक्षिणोत्तर पट्ट्यावरून, चाके सोडण्याच्या तयारीत असतात आणि ताशी सुमारे २६० किलोमीटरच्या वेगाने पुढच्या चार-पाच मिनिटांत जमिनीला टेकतात. डोंबिवलीचा प्रवासी उजव्या खिडकीशी बसला असेल तर पारसिकच्या डोंगररांगेपलीकडे त्याला स्वतःच्याच गावाच्या इमारती दिसू शकतात. विमानातून त्याचे घर मागे पडल्यावर पाच मिनिटांत तो सहारला, म्हणजे मुंबईच्या विमानतळावर, असतो. तेथून सामान घेऊन, टॅक्सी मिळवून, पूर्व द्रुतगती महामार्ग, ऐरोलीचा पूल आणि शीळफाट्याची कोंडी पार करून त्याच घराच्या दारात पोहोचायला त्याला दीड-दोन तास लागणे मुळीच असाधारण नाही.

सरळ रेषेत मोजले तर सहारचा विमानतळ ठाणे स्थानकापासून सुमारे १६, डोंबिवलीपासून २७ आणि कल्याणपासून ३२ किलोमीटरवर आहे. पनवेलजवळ उलव्याला उभा राहिलेला नवी मुंबईचा विमानतळ, ज्याचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि जेथून २५ डिसेंबरला प्रवासी उड्डाणे सुरू झाली, तो ठाण्यापासून सुमारे २३, डोंबिवलीपासून २५ आणि कल्याणपासून २८ किलोमीटरवर येतो. म्हणजे ठाणेकराला जुना विमानतळ जवळ, कल्याणकराला नवा, आणि डोंबिवलीकर जवळजवळ मध्यावर. परंतु या रेषा खाडी आणि पारसिकचा डोंगर यांच्यावरून जातात, रस्ते मात्र पुलांवरून व फाट्यांवरून जातात, त्यामुळे मिनिटांचे चित्र किलोमीटरच्या चित्रापेक्षा वेगळे निघते. मोठागाव-माणकोली पुलाने डोंबिवली पश्चिमेकडून ठाण्याकडे जाण्याचा वळसा बराच कमी केला आहे. रेल्वेने जाणाऱ्याला सहारसाठी आता एक चांगला मार्ग उपलब्ध आहे : जलद लोकलने घाटकोपर, तेथून २०१४ पासून धावणाऱ्या वर्सोवा मेट्रोने मरोळ नाका, आणि तेथे भुयारी मेट्रो ३ मध्ये बदलले की पुढचेच स्थानक टर्मिनल दोनचे. सामान हाताशी बेताचे असेल आणि वेळ गर्दीची नसेल तर हा मार्ग रस्त्यापेक्षा अधिक भरवशाचा आहे, कारण त्याला शीळफाटा लागत नाही. दोन मोठ्या बॅगा घेऊन सकाळी आठ वाजता डोंबिवलीच्या फलाटावरून लोकलमध्ये चढणे मात्र केवळ अशक्य.

विमानाने जावे की नाही, हा निर्णय अशा परिस्थितीत एका साध्या गणिताने करता येतो. डोंबिवलीच्या घरापासून विमानतळापर्यंत दीड तास, उड्डाणापूर्वी दीड तास (देशांतर्गत उड्डाणाचा काउंटर साठ मिनिटे आधी बंद होतो), उतरल्यावर मुक्कामापर्यंत सव्वा तास, आणि रांगणे, चढणे व उतरणे यांचा जादा अर्धा तास, असे पावणेपाच तास कितीही जवळ किंवा दूर जायचे असले तरी ठरलेलेच आहेत; त्यापुढे प्रत्येक आठशे किलोमीटरला एक तास. याउलट रेल्वे किंवा मोटार ताशी साठ किलोमीटरच्या सरासरीने जाते असे मानले, आणि दोन्हींचे अंतर सारखे धरले, तर सुमारे तीनशे किलोमीटरपर्यंत जमिनीवरचा प्रवास जिंकतो. सरासरी नव्वदवर गेली तर ही मर्यादा पावणेपाचशेपर्यंत सरकते. रस्ता हवाई रेषेपेक्षा लांब असल्यामुळे प्रत्यक्षात विमानाचे पारडे थोडे जड होते, तरी कल पुरेसा स्पष्ट आहे. पुण्याला विमानाने जाण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण कल्याणहून कर्जतमार्गे जाणारी कोणतीही एक्स्प्रेस त्याआधी पोहोचते. कोल्हापूर आणि २०२१ मध्ये सुरू झालेले सिंधुदुर्गातील चिपी हे दोन्ही विमानतळ काठावर आहेत, आणि ठाण्याला किंवा दिव्याला कोकण रेल्वेची गाडी पकडून कुडाळला उतरणाऱ्या माणसाला चिपीहून परत गावापर्यंतचे वाहन शोधावे लागत नाही, हेही जमेस धरले पाहिजे.

नागपूरचे उदाहरण अधिक बारकाईने पाहण्यासारखे आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला, आणि आमणे हे भिवंडी तालुक्यात, कल्याणपासून अगदी जवळ आहे. म्हणजे सातशे एक किलोमीटरच्या या महामार्गाचे पश्चिम टोक मुंबईत नसून कल्याणकराच्या दाराशी आहे. येथून नागपूर सुमारे आठ तासांवर आले. वरील हिशेबाने विमानाला साडेपाच ते पावणेसहा तास लागतात, तेव्हा विमान अजूनही सव्वादोन-अडीच तास वाचवते. पण चार जणांचे कुटुंब एका मोटारीत निघाले तर त्या दोन-अडीच तासांची किंमत फार होते. विदर्भ एक्स्प्रेस तर कल्याणला थांबते आणि रात्रभराच्या झोपेत प्रवास उरकते. झोपेत गेलेला वेळ हा वाया गेलेला वेळ नव्हे, ही गोष्ट तासांची तुलना करणारी कोष्टके कधीच दाखवत नाहीत.

अहमदाबादच्या बाबतीत चित्र पूर्णपणे बदलणार आहे. बांधकाम चालू असलेल्या ५०८ किलोमीटरच्या अतिजलद रेल्वेचे ठाणे स्थानक ठाणे शहरात नव्हे, तर दिव्याच्या पुढे म्हातार्डीला होत आहे, जे डोंबिवलीकराला सहारपेक्षा कितीतरी जवळ पडेल. संपूर्ण मार्गाला दोन तास सात मिनिटे असा जलद गाडीचा नियोजित वेळ आहे. घरापासून घरापर्यंत साडेतीन तास धरले तरी विमानाचे सव्वापाच तास त्याची बरोबरी करू शकत नाहीत.

या प्रदेशाला स्वतःचा विमानतळ मिळण्याची एक शक्यता इतिहासात होती. कल्याणजवळ हाजीमलंग रस्त्यावर नेवाळीला दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी शेतकऱ्यांच्या दीड हजारांहून अधिक एकर जमिनीवर धावपट्टी बांधली. नवी मुंबई प्रकल्पाच्या पर्यावरण परवानगीचा वाद २०१० मध्ये पेटला असताना पर्यायी जागा म्हणून कल्याणचे नाव पुढे आले, आणि परवानगी मिळताच मागेही पडले. युद्ध संपल्यावर पिढ्यान्‌पिढ्या तीच जमीन कसत राहिलेल्या शेतकऱ्यांचा, तिच्यावर ताबा सांगणाऱ्या नौदलाच्या कुंपणाला असलेला विरोध जून २०१७ मध्ये हिंसक वळणावर गेला. ज्या जमिनीचा मूळ प्रश्न सत्तर वर्षे सुटला नाही तेथे विमानतळाचे स्वप्न पाहणे न्याय्य ठरले नसते, आणि उलव्याच्या आसपासची गावे उठवून उभ्या राहिलेल्या विमानतळापर्यंत पोहोचण्याची वाट तरी नीट व्हावी, एवढीच अपेक्षा आता या वस्तीला करता येते.

ती वाट मात्र अर्धवट आहे. ऐरोली ते कळवा हा उन्नत रेल्वेमार्ग, ज्यामुळे कल्याणहून नवी मुंबईकडे ठाण्याला न बदलता जाता येईल, पुनर्वसनाच्या प्रश्नात वर्षानुवर्षे रखडला आहे. त्यातले दिघा स्थानक जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाले, पण जोडणी झाली नाही. कल्याण-तळोजा मेट्रो १२ चे काम चालू आहे, आणि ती पेंधर-बेलापूर मेट्रोला मिळाली की कल्याण-डोंबिवलीला शीळफाटा टाळून मेट्रोने नवी मुंबईला पोहोचता येईल. विमानाचा वेग दहा टक्क्यांनी वाढला तर मुंबई-दिल्ली प्रवासात जेमतेम आठ मिनिटे वाचतात; मेट्रो १२ आणि कळवा जोडणी यांनी घर ते विमानतळ हा टप्पा अर्ध्या तासाने जरी कमी केला, तरी ती बचत प्रत्येक उड्डाणात, प्रत्येक प्रवाशाला आणि दोन्ही वेळा मिळते. वेळापत्रकाचा प्रश्न तेवढाच महत्त्वाचा आहे. देशांतर्गत उड्डाणांचा मोठा गठ्ठा पहाटे पाच ते सात या वेळेत सुटतो, त्यासाठी साडेतीन-चारला विमानतळाच्या दारात असावे लागते, आणि नेमक्या त्याच वेळी लोकल बंद असतात व मेट्रो सुरू झालेली नसते, त्यामुळे डोंबिवलीच्या सामान्य कुटुंबाला त्या एका टप्प्यासाठी टॅक्सीवर खर्च करावाच लागतो, जो स्वस्तात घेतलेल्या तिकिटाच्या कितीतरी मोठ्या भागाइतका भरतो. नव्या मार्गांच्या नियोजनात विमानतळाकडे जाणाऱ्या पहिल्या गाडीची वेळ पहिल्या उड्डाणाच्या वेळेवरून मागे मोजून ठरवली गेली पाहिजे, आणि ती रात्री तीनच्या सुमारास येते.